वसरीत पुन्हा माणसे बसावीत म्हणून काय काय करता येईल?

अबोली_फोंडा | ६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच महिने मनात घोळणारा विषय आज मांडते आहे. जरा लांबण लागेल.

फोंडा तालुक्यात आमच्या आजोबांनी बांधलेले घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी नळे, पुढे सोपो, म्हणजे उघडी ओटी, सोप्यावरून आत वसरी, म्हणजे बैठकीची खोली, वसरीच्या डाव्या अंगाला देवाची खोली, मागे रांदची कूड, म्हणजे स्वयंपाकघर. मी लहान असताना संध्याकाळी सोप्यावर चार-पाच माणसे असायचीच. बाजारातून परतणारा पिशवी खाली ठेवून दोन मिनिटे टेकायचा, पोस्टमन पाणी मागायचा, शेजारची काकी निवडायची भाजी सुपात घेऊन यायची. कोणाला बोलवावे लागत नसे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी डागडुजी झाली. सोप्याला ग्रील आणि काळ्या सरकत्या काचा बसल्या. तांबड्या सिमिटाच्या जमिनीवर चकचकीत टाइल्स आल्या. वसरीचा हॉल झाला: एल आकाराचा सोफा, समोर टीव्ही, कोपऱ्यात शोकेस. बाबांनी कर्ज काढून हौसेने केले होते आणि तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ते हवे होते. पण आता त्या सोफ्यावर कोणी बसत नाही. बाबा गेल्यापासून आई दिवसभर आतल्या खोलीत खाटेच्या कडेवर बसून असते. ती ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. त्या खोलीचे जनेल (खिडकी) शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते. परवा म्हणाली, "कोण येता, कोण वता, म्हाका कांयच दिसना गो." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मला हवे आहे ते एवढेच: आईला दिवसभर बसता येईल अशी तिची स्वतःची जागा. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी आल्या की त्या खोलीत दार लावून बसतात, त्यांनाही बाहेर बसावेसे वाटेल अशी जागा. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीसाठी पंचवीस-तीस माणसे येतात, ती आता दारात उभी राहून परत जातात, ती बसली पाहिजेत. खर्चाची तयारी दीड लाखापर्यंत. ग्रील काढू का? सोफ्याचे काय करू? ज्यांनी आपल्या घरात असे काही केले आहे त्यांचे अनुभव हवे आहेत.

चिरो_चुनो | ६ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सोप्यावरचे छप्पर एवढे खाली का उतरवलेले असते ते आधी बघा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वाऱ्याबरोबर तिरपा. खाली आलेली वळचण हा तिरपा पाऊस अडवते, मे महिन्याचे ऊन अडवते आणि वारा मात्र आत सोडते. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. तुमचा सोपो पश्चिमेला असेल तर काळ्या काचांनी नेमका तोच वारा बंद केला आहे. शिवाय सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. सोपो तापतो, त्याच्या मागे वसरी तापते, मग पंखा, मग एसी, मग दारे बंद. माणसे बसेनाशी होतात त्याची सुरुवात बऱ्याच घरांत इथून झालेली मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट भिंतीची. चिरा सच्छिद्र असतो. खाणीत असताना हत्याराने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. या दगडाला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून दिले. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण लोक त्याच्या विटा कापून घरे बांधत होते. अशी भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. वर सिमिटाचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओलावा कोंडतो, पापुद्रे सुटतात, पावसात खोलीला कुबट वास येतो. अशा खोलीत माणूस फार वेळ बसत नाही, आणि का उठलो हे त्यालाही सांगता येत नाही. तुमच्या वसरीत गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंग सुटला असेल तर तेवढा गिलावा काढून चुन्याचा करा. पाऊस सुरू व्हायच्या आत. चुना सुकायला दिवस लागतात.

टाइल्सखाली जुनी तांबडी जमीन शाबूत असेल का, हे सोप्याच्या एका कोपऱ्यातली एक टाइल उचलून बघा. लगेच सगळ्या फोडू नका. आणि पंचायतीकडून दुरुस्तीचा परवाना घ्या. एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर भावंडांची नावे असतील तर त्यांचा होकार लेखी घेऊन ठेवा.

कुळागर | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

मी सत्तरी तालुक्यातला. ग्रील काढायला माझा विरोध आहे. आमच्याकडे माकडे स्वयंपाकघरापर्यंत येतात, पावसात साप वळचणीला येतात. घरात दिवसा एकटी वयस्क बाई आणि पुढचा भाग सताड उघडा, हे आजच्या दिवसांत बरे नाही. जुन्या आठवणी मलाही प्रिय आहेत, पण तेव्हा घरात बारा माणसे असायची. ताई दिवसभर कामाला बाहेर, मुलगी शाळेत. आईंची काळजी म्हणून लिहितो आहे, राग मानू नका.

चिरो_चुनो | ७ एप्रिल, सकाळी ९:३०

राग कसला, मुद्दा खरा आहे. पण जुन्या घरांत सोपो कुलपाच्या बाहेरच असायचा. अडसर मुख्य दाराला, जनेलांना लोखंडी किंवा लाकडी गज. येणारा माणूस सोप्यावर बसून गेला तरी घर बंदच राहायचे. कुलूप मागे न्या, सोपो मोकळा ठेवा, पायऱ्यांशी कमरेएवढे लाकडी फाटक करा. माकडांसाठी वसरीच्या जनेलांना आतून जाळी. आई सोप्यावर असतील तेव्हा रस्त्यावरची चार माणसे त्यांना बघत असतात. आतल्या खोलीत पडल्या तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळणार नाही.

बार्देसचो | ७ एप्रिल, दुपारी २:२०

साळगावात वाढलो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाचे बाल्कांव (दारापुढचा बाकांचा उघडा सोपो) आमच्या अंगणातून दिसायचे. संध्याकाळी तेर्स (घरातली प्रार्थना) झाला की घरातली मोठी माणसे तिथे येऊन बसत. पायऱ्यांच्या दोन बाजूंना चुनेगच्ची बाक, एकमेकांकडे तोंड करून. दोन बाकांत अंतर एवढे की आवाज न चढवता बोलता येईल, आणि मान वळवली की रस्ता. आमच्या हिंदू घरांचे तोंड आत, राजांगणातल्या (आतल्या चौकातल्या) तुळशीकडे. त्यांचे बाहेर, रस्त्याकडे. पण बसणाऱ्यासमोर माणूस असायचा, हे दोन्हीकडे सारखे. आपल्या हॉलमध्ये सगळे सोफे टीव्हीकडे तोंड करून असतात आणि दोघे शेजारी बसले तरी एकमेकांचा चेहरा दिसत नाही. अबोलीताई, सोफा ठेवलात तरी त्याचे तोंड फिरवा. टीव्ही आतल्या खोलीत.

जमल्यास पर्वरीजवळ तोर्डा इथले 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय मुलीला घेऊन बघून या. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेले आहे. जुनी दारे, जनेले, कठडे, बैठका समोर ठेवून बघता येतात. शिंपल्यांची तावदानेही आहेत. काच महाग होती तेव्हा खाडीतल्या चपट्या कालवांचे शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवत. त्यातून येणारा उजेड दुधासारखा, डोळ्यांना न टोचणारा. नवीन शिंपले मात्र मागू नका, तो आता संरक्षित जीव आहे. एखाद्या पाडलेल्या घराचे जुने जनेल मिळाले तर घ्या.

एक विचारायचे होते, तुमच्याकडे जुनी लांब हातांची वेताची आरामखुर्ची आहे का? व्होल्तेर म्हणतात ती.

अबोली_फोंडा | ७ एप्रिल, रात्री १०:०२

आहे! आजोबांची. माळ्यावर पडून आहे, वेत फाटला आहे, लाकूड मात्र भक्कम. आईला तीच सोप्यावर द्यावी असे मनात होते. आजोबा जेवण झाल्यावर त्या लांब हातांवर पाय टाकून पडायचे, छातीवर वर्तमानपत्र.

म्हापशेची_फिजिओ | ८ एप्रिल, सकाळी ८:१०

अबोलीताई, थांबा. व्होल्तेर आईंना देऊ नका. तिची बैठक खोल आणि मागे उतरती असते. त्यात बसणे सुखाचे, पण उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्यांची तक्रार दुखण्याची कमी आणि उठण्याची जास्त असते. उठायला त्रास म्हणून बसायचेच टाळतात, मग खाटेची कड धरतात, कारण खाट उंच असते. तुमच्या आई खाटेच्या कडेवर का बसतात याचे उत्तर बहुधा हेच आहे.

त्यांचे माप घ्या. रोजच्या चपला घालून उभे करा, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत अंतर मोजा, त्यात एक ते दोन इंच मिळवा. ती बैठकीची उंची. पाऊल पूर्ण टेकले पाहिजे, लोंबकळता कामा नये. दोन्ही बाजूंना धरायला हात हवेत, आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, कारण माणूस कडेवर सरकून मग उठतो. बैठक फार खोल नको, नाहीतर पाठ टेकत नाही. गादी दाबली तर तळहात बुडेल अशी मऊ नको. आणि बसल्या जागेवरून हात लांबवला की पाणी, चष्मा, फोन आणि दिव्याचे बटण मिळाले पाहिजे. जाताना वाटेत पायपुसणे किंवा सुटी चटई ठेवू नका.

व्होल्तेर तुमच्या मुलीला द्या. त्या वयात त्या खुर्चीइतकी वाचायला चांगली जागा दुसरी नाही.

चौथा_मजला_मडगाव | ८ एप्रिल, रात्री ९:५५

आम्हाला अंगण नाही, सोपो नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, साडेतीन फूट रुंद बाल्कनी. तरी लिहिते, कारण इथले वाचणारे बरेचजण माझ्यासारखेच असतील.

बाल्कनीत वॉशिंग मशीन, जुने डबे, सायकल आणि कपड्यांची दोरी होती. आम्ही मशीन न्हाणीत नेले, दोरी वर ओढून घ्यायची केली, आणि भिंतीच्या लांबीभर फणसाच्या लाकडाची घडी होणारी फळी बसवली. एवढेच. सकाळचा चहा मी आणि माझे यजमान तिथे घेतो. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण घाईत नसलेला चहा रोज एकत्र घेणे गेल्या दोन वर्षांतलेच.

मच्छरांसाठी: कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. साठलेल्या पाण्यात अंड्यापासून मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतायचे. आणि बसताना छोटा पंखा पायांच्या दिशेने लावायचा. मच्छर वाऱ्यात नीट उडू शकत नाही. कुठल्याही उदबत्तीपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

आतल्या खोलीत पाहुण्यांसाठी सोफा घेतलाच नाही. दोन कापसाच्या गाद्या भिंतीला लागून, लोड, आणि चार हलक्या खुर्च्या वयस्कर माणसांसाठी. गाद्या मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकते, नाहीतर पावसात त्यांना वास मारतो.

रांदची_कूड | ९ एप्रिल, दुपारी ३:४०

सगळे वाचले. छान लिहिता आहात सगळे. पण एक गोष्ट कोणी बोलले नाही ती बोलते.

आमच्या घरी सोपो कायम भरलेला असायचा. लोक अजून कौतुक करतात, काय ते घर, काय ती उठबस. माझ्या आईला त्या सोप्यावर बसलेली मी पाहिल्याचे आठवत नाही. ती आत. चहा, परत चहा, मग पेज, मग कोणीतरी जेवायलाच थांबले. गप्पांचा आवाज तिला भिंतीपलीकडून यायचा. हसण्याचा आवाज आला की ती विचारायची, काय झाले? आणि आम्ही सांगायचो तोवर त्यातली मजा गेलेली असायची.

अबोली, तू घर उघडते आहेस, मला मनापासून आनंद आहे. पण चहा करणारी कुठे बसणार हे आधी ठरव. तुमची रांदची कूड मागे आहे म्हणतेस. म्हणजे पंचवीस माणसे आली की तू मागे आणि उत्सव पुढे. वसरीतच एका भिंतीशी मेज ठेव, त्यावर विजेची किटली, कप, पाण्याचा माठ, चिवड्या-लाडवांचे डबे. ज्याला हवे त्याने घ्यावे. पहिल्यांदा लोकांना विचित्र वाटेल. पुरुषमंडळी हात लावायला बिचकतील. दोन वेळा सांगितले की तिसऱ्यांदा आपणहून उठतात, हा माझ्या घरातला अनुभव आहे.

आणि तुझी स्वतःची जागा कुठली? आईची लिहिलीस, मुलीची लिहिलीस, पाहुण्यांची लिहिलीस. तुझी नाही लिहिलीस.

अबोली_फोंडा | ९ एप्रिल, रात्री ११:३०

रांदची_कूड, तुमचा प्रतिसाद बसमध्ये वाचला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. माझी जागा लिहायची राहिली, कारण ती मला सुचलीच नव्हती. विचार करते.

घुमटी | ११ एप्रिल, सायंकाळी ६:१५

पेडण्याहून नमस्कार. आरतीच्या बाजूने लिहितो.

मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण अडीच फूट बाय अडीच फूट जागा लागते. तीस माणसांना पावणेदोनशे ते दोनशे चौरस फूट धरा. सोफा आणि शोकेस हलवल्यावर वसरीत तेवढी मोकळी जमीन निघते का ते मोजा. घुमट-शामेळ ही तालवाद्ये वाजवणारे आणि कासाळें (झांजा) धरणारा गणपतीच्या एका बाजूला एकत्र लागतात, एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. त्यांना मागे ढकलू नका.

टाइल्स आणि पीओपीच्या खोलीत घुमटाचा आवाज घुमत राहतो, ताल एकमेकांत मिसळतो, शब्द कळत नाहीत. नळ्यांच्या घरात, उघड्या छपराखाली, तो मोकळा होतो. जमिनीवर चटया टाका, भिंतीला लागून लोड ठेवा, दारे-जनेले उघडी ठेवा, फरक लगेच ऐकू येईल. मातीचे भांडे आणि त्यावर ताणलेले कातडे, एवढेच वाद्य. पूर्वी घोरपडीचे लावत, आता बकऱ्याचे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण वाद्याला मान तेव्हाच, जेव्हा ते वाजवायला घरात जागा असते.

माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीसाठी) वाशांना आकडे आहेत का बघा. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगे, निरफणस, रानातली फळे धरून चौकट खूप जड होते. टाइल्स घालताना खालून फॉल्स सीलिंग केले असेल तर आकडे त्यात बुजले असतील. मेस्ताला (सुताराला) दाखवून घ्या.

अबोली_फोंडा | १९ मे, रात्री १०:२०

मधल्या काळात काय झाले ते सांगते.

काचा आणि ग्रील काढले. पहिल्या संध्याकाळी वारा थेट देवाच्या खोलीपर्यंत आला, समई विझली. आई म्हणाली, "आयलो मगो वारो," जसे कोणी माणूसच परत आला. सोप्याच्या कोपऱ्यातली टाइल उचलली, खाली तांबडी जमीन आहे, काही ठिकाणी तडे आहेत. सोप्यावरच्या सगळ्या टाइल्स काढून ती घासून घेतली. तडे तसेच ठेवले आहेत. वसरीतल्या टाइल्स मात्र राहू दिल्या, खर्च आवाक्याबाहेर जात होता.

ग्रीलबद्दल कुळागर यांचे म्हणणे मनात होते. कमरेएवढे फाटक केले, मुख्य दाराला आतून नवा अडसर, जनेलांना जाळी. सोफा चुलतभावाने नेला. टीव्ही मुलीच्या खोलीबाहेरच्या बोळात गेला, तिथे तिच्या मैत्रिणी जमिनीवर बसून बघतात.

व्होल्तेरच्या बाबतीत मनस्ताप झाला. विणायला दिली त्या माणसाने वेताऐवजी प्लास्टिकची पट्टी विणून परत पाठवली. दिसायला हुबेहूब, पण दुपारी बसले की पाठ घामाने भिजायची. उलगडून पुन्हा खऱ्या वेताने विणून घेतली, दुसऱ्या कारागिराकडून. त्यांनी एक युक्ती सांगितली: वेत सैल पडला की खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवायची आणि सावलीत सुकू द्यायची, आपोआप ताणून येतो. वरून वॉर्निश जाड लावायचे नाही, वेताला पाणी पिता आले पाहिजे.

पावसापाणी | २१ मे, सकाळी ६:५०

पाऊस दारात आला आहे, तेव्हा दोनच गोष्टी सांगतो. सोप्यावर फोमच्या उशा ठेवू नका, तिरप्या सरी आल्या की त्या ऑगस्टपर्यंत सुकणार नाहीत. चटई किंवा सुंभाची गादी, जी रात्री उचलून आत नेता येईल. माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पश्चिमेकडून जून ते सप्टेंबर लावा, दिवाळीआधी काढा.

दुसरे, दिवे. वसरीत मधोमध पांढरीफेक ट्यूब असेल तर ती ठेवा, झाडलोटीला लागते, पण संध्याकाळी लावू नका. २७०० केल्विनचे पिवळसर एलईडी, दोन-तीन, कमी उंचीवर, भिंतीकडे तोंड करून. एक आईंच्या खुर्चीच्या मागे, वाचायला. डोक्यावरच्या पांढऱ्या उजेडात प्रत्येकाच्या डोळ्यांखाली सावली पडते, माणूस थकलेला दिसतो आणि पाहुणा घड्याळ बघतो. सोप्यावरचा दिवा अगदी मंद ठेवा, नाहीतर पावसाळ्यातले सगळे किडे तुमच्याकडे येतील.

अबोली_फोंडा | चवथीनंतरचा आठवडा, रात्री ९:१०

उशीर झाला, पण वचन दिल्याप्रमाणे लिहायला आले.

आधी आईची जागा. फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे माप घेतले, साडेसोळा इंच भरले. आमच्या सोप्याचा बाक चौदा इंचांचा. पूर्वी सगळेच खाली बसणारे, त्यांना पुरायचा. बाकाच्या एका टोकाला मत्तीच्या लाकडाची चार इंच उंच बैठक करून बसवली, म्हणजे अठरा इंच. दोन्ही बाजूंना धरायला हात, पुढच्या कडेपर्यंत. उजव्या हाताला भिंतीत कोनाडा होताच, जुना, दिव्याचा. त्यात आता पाण्याचा तांब्या, चष्मा, फोन आणि दिव्याचे बटण. समोर रस्ता, डावीकडे तुळस.

जूनमध्ये ती तिथे अर्धा तास बसायची. जुलैत सकाळ-संध्याकाळ. ऑगस्टमध्ये मी पणजीहून परतले तेव्हा समोरच्या बाकावर तीन बायका होत्या आणि आई कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे सांगत होती. त्यातल्या एकीला मी ओळखतही नव्हते. गावात नवीन भाड्याने आलेली मुलगी, मूळ कोल्हापूरची. रोज येता-जाता आई तिला हाक मारायची.

चवथीला घुमटी यांचा हिशेब खरा ठरला. मी एकोणतीस माणसे मोजली. सगळी बसली. लोखंडी आकडे फॉल्स सीलिंगमध्ये गाडले गेले होते, ते उघडायला मेस्ताला दोन दिवस लागले, पण माटोळी जुन्या जागी लागली. चटया टाकल्यावर घुमटाचा आवाज खरेच वेगळा येतो, माझ्या मुलीने तो फोनवर दोन्ही प्रकारे रेकॉर्ड करून ऐकवला.

आणि रांदची_कूड, मेज ठेवले. वसरीत, देवाच्या खोलीच्या दाराशी. किटली, कप, नेवऱ्यांचा डबा, सोलकढीचे भांडे. पहिल्या रात्री काकांनी मला तीनदा हाक मारली, "बाय, चा?" तिसऱ्यांदा मी बसल्या जागेवरून मेजाकडे हात केला. ते उठले, त्यांनी स्वतःसाठी ओतला, मग शेजारच्याला विचारले, मग मला आणून दिला. काकांच्या हातचा चहा मी आयुष्यात पहिल्यांदा प्याले. साखर जास्त होती. पूर्ण आरती मी वसरीत बसून म्हटली, शेवटच्या मंत्रपुष्पापर्यंत. याआधी तेव्हा मी नेहमी प्रसादाच्या वाट्या भरत असायचे.

माझी जागाही ठरली. मागच्या पडवीत, रांदच्या कुडीच्या दाराबाहेर, जिथे भिरंडीचे (कोकमाचे) झाड आहे. तिथे एक जुना बांक, एक दिवा, माझी पुस्तके. रात्री सगळे झोपल्यावर अर्धा तास. आता हे तिथूनच लिहिते आहे. तिथे कोणाला चहा मिळत नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

खर्च एक लाख अडतीस हजार. त्यात वेताची दोनदा झालेली विणाई धरली आहे.

कुळागर | रात्री ९:४८

ताई, वाचून फार बरे वाटले. फाटक टिकले का? माकडे?

अबोली_फोंडा | रात्री १०:०५

माकडे एकदा आली, आईच्या पुढ्यातली केळी नेली. आता केळी आत ठेवतो. फाटकाची कडी मात्र आईने काढून टाकायला लावली. येणाऱ्याला वाकून उघडावी लागते म्हणाली.

म्हापशेची_फिजिओ | रात्री १०:३०

आईंचे गुडघे कसे आहेत?

अबोली_फोंडा | रात्री १०:४१

दुखतात अजून. पण परवा कोल्हापूरची ती मुलगी पावसात धावत आली तेव्हा आई मला हाक न मारता उठली आणि तिला टॉवेल आणून दिला.